महामंडळांचा हिशेब कोण मागणार?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

राज्यात सत्तेची घडी बसली की काही दिवसांतच महामंडळांच्या वाटपाच्या बातम्या येऊ लागतात. कोणत्या पक्षाच्या वाट्याला किती महामंडळे आली, मंत्रिपद हुकलेल्या कोणत्या आमदाराची कुठे वर्णी लागली, कोणाला राज्यमंत्र्याचा दर्जा मिळाला आणि कोण अजून नाराज आहे, याचा तपशील आपल्यासह सर्वच दैनिके चवीने छापतात. ज्या महामंडळावर ही वर्णी लागली त्याचा शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद कोणत्या वर्षाचा आहे, हे मात्र त्या बातमीत कधी नसते. राज्य शासनाच्या एका महामंडळाच्या लेखा शाखेत नोकरीची बहुतेक वर्षे गेल्यामुळे मला ही उणीव अधिक टोचत असेल, पण ती टोचण्यासारखी आहे खास. महामंडळे तोट्यात का जातात याची चर्चा आपल्याकडे पुष्कळ होते. माझे म्हणणे त्याच्या अलीकडचे आहे. शासन आपल्याच कंपन्यांकडून काय काय करून घेते आणि त्यापोटी त्यांचे किती देणे लागते याचा हिशेब वेळेवर आणि लेखी होत नाही, आणि तो होत नाही तोवर तोट्याला जबाबदार कोण हे ठरवताच येणार नाही.

राज्याच्या मालकीच्या अशा शंभराच्या आसपास संस्था आहेत आणि त्या सगळ्या एका जातकुळीच्या नाहीत. एसटी महामंडळ १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याखाली चालते, एमआयडीसी म्हणजे औद्योगिक विकास महामंडळ १९६१ च्या राज्याच्या कायद्याखाली. नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० पासून आणि महाबीज हे बियाणे महामंडळ १९७६ पासून कंपनी कायद्याखालच्या कंपन्या आहेत. वीज मंडळाचे विभाजन होऊन २००५ मध्ये त्याच्या कंपन्या झाल्या. काही संस्था काम थांबून जमाना लोटला तरी कागदोपत्री जिवंत आहेत, कारण कंपनी गुंडाळायची तरी आधी हिशेब पूर्ण लागतात. या सर्वांचा मुख्य मालक एकच, महाराष्ट्र शासन. परंतु मंत्रालयात हा मालक शोधायला गेले तर तो एका मजल्यावर सापडत नाही. भागभांडवलाचे कागद प्रशासकीय विभागाकडे, कर्जाची हमी वित्त विभागाकडे, व्यवस्थापकीय संचालकाची बदली सामान्य प्रशासन विभागाकडे, आणि अध्यक्ष कोण हे ठरते मित्रपक्षांच्या बैठकीत. तोट्याबद्दल प्रश्न विचारला तर यातला प्रत्येक जण दुसऱ्याच्या दाराकडे बोट दाखवतो, आणि नियमांच्या भाषेत पाहिले तर प्रत्येकाचे बरोबरही असते.

कायद्यात उणीव आहे असे मात्र म्हणता येणार नाही. ज्या कंपनीच्या भरणा झालेल्या भागभांडवलात सरकारचा वाटा ५१ टक्के किंवा त्याहून अधिक आहे तिचा लेखापरीक्षक, कंपनी कायदा २०१३ नुसार, भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक म्हणजे कॅग नेमतात. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सर्वसाधारण सभा व्हावी लागते. लेखापरीक्षकाचा अहवाल हाती आल्यापासून ६० दिवसांत कॅगला पूरक तपासणी करून आपली टिप्पणी जोडता येते आणि ती टिप्पणी, लेखापरीक्षण अहवाल व वार्षिक अहवाल विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांच्या पटलावर ठेवण्याचे बंधन राज्य सरकारवर आहे. खासगी कंपनीने सलग तीन वर्षे वित्तीय विवरणपत्रे दाखल केली नाहीत तर तिचे संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात. सरकारी कंपन्यांना २०१५ मध्ये केंद्राने या तरतुदीतून सूट दिली आणि २०१७ मध्ये ती सूट विवरणपत्रे नियमाने भरणाऱ्या कंपन्यांपुरतीच राखली. या दुरुस्तीचा धसका आपल्या राज्यातील एखाद्या संचालक मंडळाने घेतल्याचे निदान माझ्या तरी पाहण्यात आले नाही. कॅगच्या अहवालांत थकीत हिशेबांची तक्रार दर वेळी येते, अहवाल बहुधा अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी पटलावर येतो आणि सभागृह संस्थगित होते.

हिशेब थकतो म्हणजे नेमके काय होते, हे बाहेरच्या माणसाला सहसा कळत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वीच्या एखाद्या वर्षाचा ताळेबंद आज करायला बसले की गोदामातून प्रमाणकांचे म्हणजे व्हाउचरांचे गठ्ठे काढून, धूळ झटकून, ते तारखेप्रमाणे लावण्यापासून सुरुवात होते. बँकेकडे त्या काळाचे विवरण मागावे तर दरम्यान ती बँकच दुसऱ्या बँकेत विलीन झालेली असते. जिल्हा कार्यालयाने दिलेला धनादेश वटलेला दिसतो, पण खतावणीत कर्जदाराचे नाव नसते. ज्यांची सही आहे ते साहेब निवृत्त झालेले असतात आणि त्यांच्या जागी आलेले गृहस्थ 'हे माझ्या काळातले नाही' एवढेच सांगतात, जे खरेच असते. अशी न जुळणारी रक्कम उचंत म्हणजे तात्पुरत्या खात्यात टाकली जाते, पुढच्या वर्षी तीच पुढे ओढली जाते, आणि काही वर्षांनी ताळेबंदातले सर्वांत डोळ्यांत भरणारे खाते उचंत खातेच होऊन बसते. लेखापरीक्षक 'मत व्यक्त करण्यास असमर्थ' असा शेरा मारून मोकळा होतो. त्या वर्षी नेमके काय घडले हे यापुढे कोणालाही कळणार नसते, आणि ही सोय कोणाला हवीशी वाटत असेल हे वाचकांनीच ठरवावे.

लोकशाहीर अण्णाभाऊ साठे विकास महामंडळाचे प्रकरण वाचकांच्या स्मरणात असेल. मातंग समाजातील तरुणांना कर्ज व अर्थसाहाय्य मिळावे म्हणून १९८५ मध्ये स्थापन झालेल्या या महामंडळात मोठ्या रकमेच्या अपहाराचा गुन्हा नोंदवला गेला आणि २०१५ मध्ये त्याच्या माजी अध्यक्षाला, जे त्या वेळी आमदार होते, अटक झाली. दोष कोणाचा हे न्यायालयाने ठरवायचे आहे. दरवर्षीचा ताळेबंद दरवर्षी पुरा होत असेल तर अशा प्रकारात पोलिसांच्या आधी लेखापरीक्षक पोचतो, एवढेच मला लेखा शाखेतला माणूस म्हणून म्हणायचे आहे. या प्रकरणानंतर अशी महामंडळे काढताना शासन चार वेळा विचार करील असे वाटले होते. प्रत्यक्षात २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात निरनिराळ्या समाजांसाठी नवी आर्थिक विकास महामंडळे जाहीर झाली आणि २०२४ च्या विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर त्यांत आणखी भर पडली. त्या त्या समाजाची गरज खरी आहे याविषयी मला शंका नाही. पण कर्ज वाटण्याआधी कार्यालय, लेखापाल, वसुलीची यंत्रणा आणि भागभांडवल लागते, आणि हे सर्व एका मंत्रिमंडळ निर्णयाच्या कागदावर उगवत नाही.

आता एसटीकडे वळतो, कारण शासन आपल्या कंपनीशी कसे वागते याचा याहून मोठा नमुना नाही. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी सुटली तेव्हापासून एसटीने केवळ फायद्याच्या मार्गांवर धावावे अशी कोणाची अपेक्षा नव्हती आणि आजही नाही. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील प्रवाशांना राज्यात मोफत प्रवास मिळू लागला. १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना निम्म्या तिकिटाची सवलत लागू झाली. विद्यार्थी, अपंग, स्वातंत्र्यसैनिक, दुर्धर आजाराचे रुग्ण यांच्या सवलती त्याआधीपासून होत्याच. या योजना लोकप्रिय आहेत आणि त्या असू नयेत असे मी म्हणणार नाही. माझ्या गावाच्या थांब्यावर आठवडी बाजाराच्या दिवशी महिलांची जी गर्दी दिसते ती पूर्वी नव्हती. वाहक ७५ वर्षांच्या आजींच्या हाती शून्य रकमेचे तिकीट देतो. त्या शून्यामागे डिझेल आहे, टायर आहे, चालक-वाहकाचा पगार आहे, आणि त्याचे पैसे शासनाने देणे आहे. ही मागणी आगारातून विभाग नियंत्रकाकडे, तेथून मुंबईच्या मध्यवर्ती कार्यालयाकडे, मग परिवहन विभागाकडे आणि शेवटी वित्त विभागाकडे जाते. त्यानंतर सवलतमूल्याच्या प्रतिपूर्तीचा शासन निर्णय निघतो आणि दुसऱ्या दिवशी मथळा येतो: 'एसटीला सरकारची इतक्या कोटींची मदत'.

या मथळ्याला माझी हरकत आहे. गिऱ्हाईकाने घेतलेल्या मालाचे पैसे उशिराने चुकते केले तर त्याला कोणी मदत म्हणत नाही. आणि याच शासनाला एसटी प्रत्येक तिकिटामागे १७.५ टक्के प्रवासी कर भरत आली आहे. देशात इतका प्रवासी कर क्वचितच कुठे असेल. म्हणजे सवलतीचे पैसे शासन एसटीला उशिरा देते आणि कर तिच्याकडून घेते, आणि या दोन्हींची वजावट करून निव्वळ कोण कोणाचे देणे लागते हे सांगणारे एकही पान सामान्य नागरिकाला वाचायला मिळत नाही. दरम्यान रोख रकमेची चणचण भागवण्यासाठी हात जातो तो कर्मचाऱ्यांच्या भविष्य निर्वाह निधीत आणि उपदानाच्या (ग्रॅच्युइटीच्या) न्यासात भरायच्या रकमेकडे. ऑक्टोबर २०२१ पासून पुढे सुमारे सहा महिने चाललेल्या संपात कर्मचाऱ्यांनी शासनात विलीनीकरणाची मागणी लावून धरली, ती या अनुभवातूनच. मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालील समितीने विलीनीकरण अमान्य केले आणि पुढील चार वर्षे पगारासाठी लागणारी तूट शासनाने भरून काढावी अशी शिफारस केली. मागणी अव्यवहार्य असेल, पण पगार कोणत्या तारखेला होणार हे ज्याला सांगता येत नाही तो माणूस मालक बदलून मागणारच.

जून २०२५ मध्ये परिवहन मंत्र्यांनी एसटीची श्वेतपत्रिका काढली. संचित तोटा दहा हजार कोटी रुपयांच्या पुढे गेला आहे आणि गेल्या ४५ वर्षांत महामंडळ केवळ आठ वर्षे नफ्यात होते, असे तीत म्हटले आहे. श्वेतपत्रिका काढली हे चांगलेच झाले. पण या दहा हजार कोटींपैकी किती रक्कम सवलतींच्या उशिरा आलेल्या पैशांमुळे साठली, किती करापोटी, किती तोट्यातल्या फेऱ्या सामाजिक कर्तव्य म्हणून चालवल्यामुळे आणि किती आगारांतल्या गळतीमुळे, खरेदीतल्या चुकांमुळे व बंद पडलेल्या गाड्यांमुळे, ही विभागणी केल्याखेरीज तोट्याच्या आकड्याला अर्थ नाही. व्यवस्थापनाला स्वतःची ढिलाई सामाजिक कर्तव्याच्या पांघरुणाखाली लपवता येते आणि शासनाला आपली थकबाकी व्यवस्थापनाच्या ढिलाईवर ढकलता येते. या अंधुकपणात दोघांचेही चालून जाते.

विजेच्या बाबतीत तर कायद्याने हा अंधुकपणा ठेवलेलाच नाही. वीज कायदा २००३ च्या कलम ६५ नुसार राज्य सरकारला एखाद्या ग्राहकवर्गाला अनुदान द्यायचे असेल तर त्याची भरपाई वितरण कंपनीला आगाऊ द्यावी लागते. ती तशी दिली नाही तर सरकारचा तो निर्देश अंमलात येत नाही आणि वीज नियामक आयोगाने ठरवलेला दर लागू होतो. 'आगाऊ' या अटीमागे १९९० च्या दशकातील देशभरच्या वीज मंडळांच्या दिवाळखोरीचा अनुभव आहे. महाराष्ट्रात जुलै २०२४ मध्ये मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना आली. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना पाच वर्षे मोफत वीज, सुमारे ४४ लाख शेतकऱ्यांना लाभ आणि वर्षाला सुमारे १४,७६० कोटी रुपयांचा भार, असे तेव्हा सांगण्यात आले. शेतकऱ्याला वीज फुकट मिळो की स्वस्त, तो धोरणाचा भाग झाला. प्रश्न इतकाच की ही रक्कम कलम ६५ म्हणते त्याप्रमाणे महावितरण या वितरण कंपनीच्या खात्यात आगाऊ पडते का, आणि पडत नसेल तर मधल्या महिन्यांचे व्याज कोण भरते. महावितरणकडे पैसा वेळेवर आला नाही की ती वीज तयार करणाऱ्या महानिर्मिती कंपनीचे बिल थकवते. महानिर्मिती कोळसा कंपन्यांचे थकवते. आणि २०२१ च्या पावसाळ्याअखेर देशात कोळशाची टंचाई झाली तेव्हा थकबाकीदार म्हणून आपली वीज केंद्रे रांगेत मागे पडण्याची भीती उभी राहिली होती. या साखळीच्या एका टोकाला मंत्रालय आहे आणि दुसऱ्या टोकाला ग्रामपंचायतींच्या पाणीपुरवठ्याची व पथदिव्यांची न भरलेली बिले आहेत, तेही शासनच.

जुन्या वीज मंडळावर एन्रॉनच्या दाभोळ वीज प्रकल्पाच्या कराराचे ओझे शासनाच्या हमीनिशी कसे आले आणि मे २००१ मध्ये ती वीज घेणे थांबवण्याची पाळी कशी आली, हा इतिहास सर्वपरिचित आहे. त्याच्या तपशिलात मी जात नाही.

एखाद्या संस्थेला तिचे नसलेले काम सोपवून ती कशी खिळखिळी करता येते, हे पाहायचे असेल तर परळच्या हाफकिनकडे पाहावे. डॉ. वाल्डेमार हाफकिन यांच्या प्लेगवरील लसीच्या कामातून उभ्या राहिलेल्या या संस्थेला १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसची वास्तू मिळाली. पुढे १९७० च्या दशकात लस आणि औषधनिर्मितीचा भाग वेगळा काढून जीव-औषध निर्माण महामंडळ करण्यात आले. तोंडावाटे द्यायची पोलिओ लस आणि सर्पदंशावरील प्रतिविष हा त्याचा लौकिक. अशा निर्मिती करणाऱ्या कंपनीवर शासनाने २०१७ मध्ये राज्यातील सरकारी रुग्णालयांसाठी औषधे व उपकरणे खरेदी करण्याचे काम टाकले. लस बनवणाऱ्या माणसांना निविदा काढण्याचे, दर ठरवण्याचे आणि जिल्हा जिल्ह्याच्या रुग्णालयांच्या मागण्या जुळवण्याचे काम करायला लावले. खरेदी रखडू लागली, निधी पडून राहिल्याच्या आणि रुग्णालयांत औषधे नसल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे येत राहिल्या आणि शेवटी २०२३ मध्ये औषध खरेदीसाठी कायदा करून वेगळे प्राधिकरण उभारावे लागले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात दोन दिवसांत तीसहून अधिक रुग्ण दगावले तेव्हा औषधटंचाईची चर्चा पुन्हा राज्यभर झाली. त्या मृत्यूंचे नेमके कारण काय हा वादाचा विषय असला तरी खरेदीव्यवस्थेवरचा लोकांचा विश्वास उडालेला आहे हे त्या चर्चेत दिसलेच. तिकडे हाफकिनचे मूळ काम? एप्रिल २०२१ मध्ये कोव्हॅक्सिन ही करोनावरील लस बनवण्याची परवानगी मिळाली, केंद्र आणि राज्य दोघांनी निधी देऊ केला, मंत्र्यांच्या भेटी झाल्या. महासाथीच्या काळात हाफकिनची ती लस लोकांपर्यंत पोचलीच नाही. सव्वाशे वर्षांचा वारसा असलेल्या संस्थेत कोणत्या कामाला प्राधान्य हे मालकानेच ठरवले नव्हते, असे माझे मत आहे.

याच्या उलट टोकाला शेती महामंडळ आहे, ज्याचे काम संपत आले पण संस्था राहिली. कमाल जमीन धारणा कायद्यानंतर खासगी साखर कारखान्यांच्या जमिनी ताब्यात आल्या आणि त्या कसण्यासाठी १९६३ मध्ये हे महामंडळ झाले. हरेगाव, टिळकनगर, रत्नपुरी, सदाशिवनगर, रावळगाव असे त्याचे मळे. खंडकरी, म्हणजे पूर्वी कारखान्यांना खंडाने जमिनी दिलेल्या, शेतकऱ्यांच्या दीर्घ लढ्यानंतर २०१२ पासून जमिनींचे वाटप सुरू झाले, उरलेल्या जमिनींवर निरनिराळ्या विभागांची नजर आहे, आणि मळ्यांवरच्या पडक्या चाळींत राहणारी कामगारांची कुटुंबे राहत्या जागेसाठी अजून अर्ज करीत आहेत. महामंडळ ठेवायचे की बंद करायचे, हे एकदा सांगून टाकायला हवे.

कर्जाबाबतही असेच आहे. कृष्णा पाणीवाटप लवादाने घालून दिलेल्या मुदतीपूर्वी राज्याच्या वाट्याचे पाणी अडवायचे म्हणून १९९६ मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले आणि पाठोपाठ विदर्भ, तापी, कोकण, गोदावरी मराठवाडा अशी पाटबंधारे महामंडळे आली. रोखे महामंडळांनी काढले, हमी शासनाने दिली आणि परतफेड अर्थातच शासनाच्या तिजोरीतून झाली, कारण कालव्याच्या पाणीपट्टीतून रोख्यांचे व्याज सुटेल असे ते रोखे काढणाऱ्यांनाही खऱ्या अर्थाने वाटले नसावे. कर्ज राज्याचेच, पण अर्थसंकल्पाच्या बाहेर. मार्च २०२२ मध्ये केंद्राने अशा, राज्याच्या तिजोरीतून फेडल्या जाणाऱ्या कर्जांना राज्याच्या कर्जमर्यादेत धरायचे ठरवले तेव्हा अनेक राज्यांनी तक्रार केली. केंद्र स्वतः हेच करीत आले आहे, हा राज्यांचा आक्षेप रास्त होता. तरीही एखादे कर्ज कुणाच्या वहीत लिहिले आहे यावरून ते कोण फेडणार हे बदलत नाही, आणि मतदाराला ते कळण्याचा हक्क आहे.

ज्यांनी हे सारे सांभाळायचे त्या संचालक मंडळांची अवस्था सांगायला नको. एसटीच्या अध्यक्षपदी गेल्या काही वर्षांत कधी परिवहन मंत्री, कधी सत्ताधारी पक्षाचे आमदार तर कधी परिवहन विभागाचे अपर मुख्य सचिव असे आलटून पालटून बसले आहेत. ज्या विभागाकडून पैसे मागायचे त्याचाच प्रमुख मागणी करणाऱ्या संस्थेचाही प्रमुख, असा प्रकार घडला की मागणीपत्राला जोर तो काय राहणार? लहान महामंडळांत व्यवस्थापकीय संचालकाचे पद हे बहुधा दुसऱ्या कोणा अधिकाऱ्याकडे 'अतिरिक्त कार्यभार' म्हणून असते. ते आठवड्यातून एखाद्या दिवशी येऊन सह्या करतात. यात त्यांचा दोष नाही; ज्याची बदली केव्हाही होऊ शकते त्याच्याकडून पाच वर्षांच्या नियोजनाची अपेक्षा कशी करायची? आणि विधिमंडळाच्या सार्वजनिक उपक्रम समितीपुढे जेव्हा साक्ष होते तेव्हा साक्षीला उभा असलेला अधिकारी ज्या निर्णयाचे स्पष्टीकरण देतो, तो निर्णय त्याच्या आधीच्या तिसऱ्या-चौथ्या अधिकाऱ्याने घेतलेला असतो.

सगळीकडे अंधारच आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. अकोल्याच्या महाबीजमध्ये राज्य शासन आणि राष्ट्रीय बीज निगम यांच्याबरोबर बीजोत्पादक शेतकरीही भागधारक आहेत. सर्वसाधारण सभेत बियाणे पिकवणारा भागधारक उठून दराबद्दल, लाभांशाबद्दल प्रश्न विचारतो आणि व्यासपीठावरच्यांना त्याचे उत्तर द्यावे लागते. २०२० च्या खरिपात राज्यात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी आल्या तेव्हा त्यांतून महाबीजही सुटले नाही, तेव्हा ही काही आदर्श संस्था आहे असा माझा दावा नाही. पण भागधारक म्हणून हाडामांसाचा माणूस समोर असला की ताळेबंद वेळेवर तयार करण्याची निकड वाटते, एवढे त्यावरून दिसते. ज्या महामंडळाचा एकमेव भागधारक म्हणजे मंत्रालयातली फाइल आहे, त्याची सर्वसाधारण सभा पाच मिनिटांत आटोपते.

खासगीकरण हा यावर उपाय आहे असे सुचवणारे पत्र कोणी तरी लिहील, म्हणून आधीच सांगतो. हिशेब नसलेली कंपनी विकायला काढली तर ती जमिनीच्या भावाने जाते, किंबहुना जमिनीच्या भावापेक्षाही कमीत. विकायची असो वा चालवायची, आधी हिशेब. इतरत्र काय होते ते पाहण्यासाठी फार दूर जायला नको. केंद्र सरकार आपल्या सर्व उपक्रमांचा एकत्रित वार्षिक आढावा १९६० च्या दशकापासून संसदेपुढे ठेवत आले आहे आणि वरिष्ठ पदांसाठी सार्वजनिक उपक्रम निवड मंडळाची व्यवस्था आहे. केरळमध्ये तोट्यातले सरकारी उपक्रम आपल्यापेक्षा काही कमी नाहीत, तरी कोणता उपक्रम किती तोट्यात आहे आणि कोणाचे हिशेब कोणत्या वर्षापर्यंत झाले आहेत हे तेथील वार्षिक आढाव्यात एका ठिकाणी वाचता येते. महाराष्ट्रात त्यासाठी कॅगचा अहवाल, अर्थसंकल्पाची पुस्तके, निरनिराळ्या विभागांची संकेतस्थळे आणि उरलेल्या माहितीसाठी माहिती अधिकाराचा अर्ज असे चार दरवाजे ठोठवावे लागतात.

अर्थसंकल्पाबरोबर जी अनेक प्रकाशने आमदारांना गठ्ठा बांधून दिली जातात त्यांत आणखी एक पुस्तिका वित्त विभागाने घालावी. तीत प्रत्येक महामंडळाच्या नावापुढे शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद कोणत्या वर्षाचा, शासनाने सोपवलेली सामाजिक कामे कोणती व त्यांची किंमत किती, त्यापैकी शासनाने किती रक्कम कोणत्या तारखेला दिली, शासनाला येणे असलेले कर व व्याज किती, आणि शासनाच्या हमीवर काढलेले कर्ज किती, एवढेच असावे. सवलतीची घोषणा करताना तिचा पहिल्या तिमाहीचा पैसा त्याच शासन निर्णयात वितरित व्हावा. विजेच्या कायद्यात जी अट आहे ती एसटीला का नसावी याचे उत्तर मला आजवर मिळालेले नाही. अध्यक्षपदी राजकीय कार्यकर्ता नको असाही माझा आग्रह नाही, कारण लोकांच्या अडचणी त्यालाही कळतात. पण व्यवस्थापकीय संचालकाला किमान तीन वर्षांची मुदत आणि प्रत्येक मंडळावर लेखाशास्त्र जाणणारा, कोणत्याही विभागाचा पगारी नसलेला एक तरी संचालक असावा. ज्या महामंडळाचे हिशेब तीन वर्षांहून अधिक थकले आहेत त्याला पगाराखेरीज अन्य निधी देताना पुरवणी मागणीतच तसे नमूद करावे, म्हणजे निदान मतदानाच्या वेळी सभासदांना आपण कशावर हात वर करतो आहोत ते कळेल. आणि एखाद्या विभागाकडून नव्या महामंडळाचा किंवा उपकंपनीचा प्रस्ताव मंत्रिमंडळापुढे येईल तेव्हा त्याच विभागाच्या जुन्या महामंडळांचे हिशेब कोणत्या वर्षापर्यंत पूर्ण आहेत याचा दाखला वित्त विभागाने मागावा. त्यासाठी कोणताही कायदा बदलावा लागत नाही, मंत्रिमंडळाच्या टिपणीत एक रकाना वाढवावा लागतो.

आपला विश्वासू,
एक निवृत्त लेखाधिकारी
सातारा